पाहुणे कोणत्या अध्यक्षांचे?

रोटरी, लायन्स यांसारख्या संघटनांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. अध्यक्षही तेव्हाच बदलतात. परदेशी पाहुण्यांना घरोघरी उतरवून घेण्याचा कार्यक्रम मात्र एका वर्षात कधीच बसत नाही. आधी पत्रव्यवहार, मग तारखा, व्हिसा, तिकिटं, मग मुक्काम, आणि त्यानंतर आपल्या माणसांची परतभेट. आमंत्रण एका अध्यक्षांनी द्यायचं, स्वागत दुसऱ्यांनी करायचं आणि परतभेटीला माणसं तिसऱ्यांनी न्यायची, असंच बहुतेक वेळा होतं. हे लक्षात न घेता पाहुणे बोलावले की काय होतं, ते मी आमच्या एरंडोलला जवळून पाहिलं आहे. संघटना कोणती, शाखा कोणती, हे सांगण्यात अर्थ नाही. तेच कुठेही होऊ शकतं.

तेव्हाच्या अध्यक्षांनी युरोपातल्या एका गटाला मनापासून आमंत्रण दिलं. सभेत विचारलं, ‘कोणाकडे पाहुणे ठेवता येतील?’ भराभर हात वर झाले. तारीख मार्चअखेरची ठरली, कारण पाहुण्यांना ती सोयीची होती. जुलैत कार्यकारिणी बदलली. सगळा पत्रव्यवहार माजी अध्यक्षांच्या मोबाइलमध्ये राहिला, आणि नव्या सचिवांच्या हाती पाहुण्यांची यादी पडली ती तारीख अगदी तोंडावर आल्यावर.

मार्चअखेर म्हणजे आमच्याकडे काय, हे खान्देशातल्या कुणालाही विचारा. व्यापाऱ्यांचे हिशेब, मुलांच्या परीक्षा, शेतात गहू-हरभऱ्याची काढणी, आणि पारा चाळिशीकडे. मी घरं पाहायला निघाले. पहिल्याच घरी भाऊ सभेत ‘हो’ म्हणालेले होते. वहिनी ओट्याशी उभ्या राहून म्हणाल्या, “ताई, पाहुण्यांना मी नाही म्हणत नाही. पण पोराची परीक्षा सुरू आहे. खोली माडीवर, संडास खाली अंगणात. रात्री पाहुण्यांतल्या म्हाताऱ्या बाई जिना उतरतील कशा? मला कुणी विचारलंच नाही.” पुढच्या घरी सासऱ्यांचं ऑपरेशन निघालं होतं. त्याच्या पुढच्या घरी लग्न. एकेक हात खाली येत गेला.

शेवटी निम्म्याहून जास्त पाहुणे जळगावला लॉजवर उतरवावे लागले. त्यांनी तक्रारीचा एक शब्द काढला नाही. पण भारतातल्या घरात राहायला मिळेल म्हणून आलेली ती माणसं संध्याकाळी खोलीत टीव्ही लावून बसली होती, हे आठवलं की मला अजूनही वाईट वाटतं. जे घरी राहिले त्यांच्यातल्या एका बाईंना शेंगदाण्याची ॲलर्जी होती. तसं त्यांनी कितीतरी आधी कळवलं होतं, पण तो निरोप स्वयंपाकघरापर्यंत पोचलाच नाही. आमच्या वाटणात, ठेच्यात, चटणीत दाण्याचा कूट असायचाच. वाढता वाढता त्या घरच्या वहिनींनी कौतुकानं भाजी कशी केली ते सांगितलं, म्हणून त्या बाईंचा घास हातातच थांबला. परतभेट तर झालीच नाही. नंतरच्या कार्यकारिणीनं दुसरे प्रकल्प हाती घेतले आणि तिकडच्या पत्रांना उत्तरं जाईनाशी झाली.

घरचा मुक्काम ही या कार्यक्रमांतली जास्तीची सोय नव्हे, त्यांचा तोच पाया आहे. पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका चालवणाऱ्या स्वयंसेवकांची एएफएस ही संस्था दुसऱ्या महायुद्धानंतर शाळकरी मुलांना परदेशी पाठवू लागली, तेव्हा मुलं राहिली ती कुटुंबांतच. १९७७ साली अमेरिकेत सुरू झालेली फ्रेंडशिप फोर्स तर एकमेकांच्या घरी राहण्यावरच उभी आहे. आणि आम्हाला इतक्या लांब जायचीही गरज नाही. १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात आंतरभारतीचा विचार मांडणारे साने गुरुजी शेजारच्या अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. प्रांताप्रांतांतल्या माणसांनी एकमेकांची भाषा शिकावी, एकमेकांना जवळून ओळखावं, ही त्यांची तळमळ होती. मुलांच्या वसतिगृहात त्यांच्यासोबत राहून त्यांची आई झालेल्या माणसाला एकत्र राहण्याची किंमत ठाऊक होती.

म्हणून माझं सांगणं असं, की तारीख ठरवण्याआधी घरं ठरवा. सभासद किती हे मोजू नका, घरं मोजा. आणि घर मोजायचं ते सभेत नाही, त्या घरी जाऊन. ज्या बाईला पहाटे उठून चहा करायचा आहे तिचा होकार घ्या, सुनेचा घ्या, आजींचाही घ्या. एसी नसला तरी चालतो. कमोड, आतून कडी लागणारी खोली आणि प्यायला भरवशाचं पाणी हवं. पुढच्या दीड-दोन वर्षांत घरात लग्न, बाळंतपण, बोर्डाची परीक्षा आहे का, हे विचारायला संकोच करू नका. लागतील त्याहून दोन-तीन घरं जास्त तयार ठेवा, कारण ऐनवेळी अडचण कुणालाही येते.

मग आपलं वर्ष पाहुण्यांना समजावून सांगा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणींनी घर भरलेलं असतं आणि ऊन पेटलेलं असतं. दिवाळीतही तेच. श्रावणातल्या कानबाईच्या उत्सवाला घरातली सगळी माणसं एकत्र येतात. एखादा पाहुणा त्यात सहज मिसळतो, वीस जणांचा गट नाही. गटासाठी डिसेंबर-जानेवारीसारखा काळ नाही. हवा गार, वांगी भरात. शेतात पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, साल काढायची, हिरव्या मिरच्यांबरोबर ठेचायची आणि कळण्याच्या भाकरीशी खायची. पाहुण्याच्या हाती मुसळ द्या. शाल-श्रीफळाचे चार सत्कार झाले तरी एवढी ओळख होत नाही. पद्मालयाला न्या, जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ दाखवा, पण रोज अर्धा दिवस त्यांना यजमानांच्या घरीच राहू द्या. दिवसभर फिरवून रात्री झोपायला घरी आणणं, याला पाहुणचार म्हणवत नाही.

वर्षभरासाठी येणाऱ्या मुलांची गोष्ट आणखी जबाबदारीची. रोटरीच्या युवा कार्यक्रमात पंधरा-सोळा वर्षांपासूनची मुलं अख्खं शैक्षणिक वर्ष राहतात, एकाहून अधिक कुटुंबांत. मुलासाठी शाखेतला एक सल्लागार असतो, आणि तो त्याच्या यजमान कुटुंबातला नसावा असा नियम आहे. घरातलीच अडचण सांगायची झाली तर मुलाला दुसरं दार हवं. असल्या नियमांना ‘आपल्याकडे कशाला, सगळे ओळखीचेच’ म्हणून फाटा देणारे भेटतात. त्यांचं अजिबात ऐकू नये. गाडी चालवायला या मुलांना बंदी असते. आपल्याकडे त्या वयाची मुलं सर्रास मोटारसायकल काढतात, तेव्हा घरातल्या मुलांनाही हे आधीच बजावून ठेवा.

कागदपत्रांचं थोडक्यात. परदेशी पाहुणा घरी उतरला की चोवीस तासांत ऑनलाइन कळवावं लागतं. लोक त्याला सी फॉर्म म्हणतात. हॉटेलवाल्यांना तो पाठ असतो, घरांना माहीतही नसतो. ही माहिती भरायला बसवा एका तरुण सभासदाला.

हे सगळं सांभाळायला एक छोटी समिती हवी, आणि तिच्यातली माणसं तीन-तीन वर्षांसाठी, दरवर्षी एकच बदलणारी. आमंत्रणावर आताच्या अध्यक्षांबरोबर पुढच्या दोन्ही नियोजित अध्यक्षांच्या सह्या घ्या. पत्रव्यवहार शाखेच्या ईमेलवरूनच करा. आहार, औषधं, ॲलर्जी यांचा कागद मराठीत लिहून प्रत्येक यजमान घरी द्या आणि ओट्याजवळ लावायला सांगा. दरवर्षी थोडी रक्कम बाजूला ठेवा, म्हणजे ऐनवेळी वर्गणीसाठी फिरावं लागत नाही.

परतभेटीची तारीख पाहुणे इथे असतानाच ठरवा. जाणाऱ्यांत पहिला हक्क पाहुणे ठेवणाऱ्या घरांचा, आणि त्या घरांत ओटा सांभाळलेल्या बाईचा. आमच्याकडे कितीतरी घरांत पासपोर्ट घरधन्याचा असतो, मुलाचा असतो, तिचा नसतो. तिचा अर्ज पाहुणे येण्याआधीच भरून टाका.