धान्यातील पतंग : ओळख व प्रतिबंध

पथ्य म्हणून आपण रुग्णास वर्षभर जुना तांदूळ सांगतो. तो वर्षभर राखावा कसा, हे मात्र क्वचितच सांगतो.

दाण्यांना भोके दिसल्यास ते सहसा सोंड्यांचे काम. दाणे रेशमी धाग्यांनी चिकटून त्यांचे गोळे झाले असतील, तर ती पतंगाच्या अळीची खूण समजावी. तांदळातील पतंग एकरंगी, करडा-तपकिरी असतो. पिठात व सुकामेव्यात आढळणाऱ्या दुसऱ्या पतंगाच्या पुढील पंखांचा बाहेरील भाग तांबूस, तर आतील फिकट असतो. औषधालयातील बदाम-मनुकांवर हाच येतो. प्रौढ पतंग धान्य खात नाही, नासाडी अळी करते; म्हणून उडते पाखरू मारून समाधान मानणे व्यर्थ होय. वाढलेली अळी कोशासाठी धान्य सोडून झाकणाच्या कडेत, फळीच्या सांध्यात शिरते. त्या जागा प्रथम झाडून पुसाव्यात.

जाळी धरलेला भाग टाकून द्यावा. उरलेले धान्य चाळून, थोडे असल्यास बंद पिशवीत उणे १८ अंशांवर आठवडाभर ठेवावे, अंडीही मरतात. अधिक असल्यास कडक उन्हात पातळ पसरावे व निवल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. कडुनिंबाचा पाला आत असलेली अंडी मारीत नाही.

धान्यात ठेवण्याच्या पाऱ्याच्या गोळ्यांविषयी आम्हांस विशेष सांगावयाचे आहे. मुक्त पाऱ्याची वाफ साध्या तापमानासही होते. शोधनाचा आग्रह धरणाऱ्या वैद्यांनी त्यांची शिफारस करू नये, औषधालयांनी त्या विक्रीस ठेवू नयेत. सेल्फॉसची गोळी तर घरात आणूच नये. तिचा वायू प्राणघातक आहे.