वीजबिलाचा निरोप आणि गमावलेला तास

कर्जत स्थानकाला लागून असलेल्या भिसेगावातली नोकरदार मंडळी सकाळच्या लोकलने निघून गेली की अनेक घरांत दिवसभर वयस्क माणसेच उरतात आणि मुलांनी बँकेचे ॲप घालून दिलेला स्मार्टफोन त्यांच्या हाती असतो. फसवणाऱ्याला नेमकी हीच वेळ सोयीची. थकबाकीमुळे आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, तातडीने अधिकाऱ्याशी बोला, असा मजकूर आणि त्याखाली दहा आकडी मोबाइल क्रमांक, हा महाराष्ट्रभर फिरलेला प्रकार अशा फसवणुकीचा नमुना मानता येईल. महावितरण ग्राहकाला कोणाच्या वैयक्तिक क्रमांकावर फोन करायला सांगत नाही आणि शंका आल्यास १९१२ वर विचारता येते. परंतु घाबरलेला माणूस खालचाच क्रमांक फिरवतो, पलीकडचा गोड बोलून 'स्क्रीन शेअरिंग'चे ॲप, म्हणजे आपल्या फोनचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे साधन, उतरवून घ्यायला लावतो आणि 'फक्त दहा रुपये भरा' म्हणतो, तेव्हा कार्डाचे तपशील आणि ओटीपी त्याला आयतेच वाचता येतात.

'डिजिटल अरेस्ट', म्हणजे पोलीस असल्याची बतावणी करून व्हिडिओ कॉलवर अटकेचा धाक दाखवणे, हे याच भीतीचे मोठे रूप होय. व्हिडिओ कॉलवरून अटक करण्याची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही.

अनुभवांती ध्यानात येते ते हे की, पैसे जातात मिनिटांत, पण नुकसान वाढते ते संकोचामुळे, कारण संध्याकाळी मुलगा चिडेल या धास्तीने गोष्ट लपवली जाते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी घालून दिलेल्या नियमांनुसार, ग्राहकाने स्वतःच गोपनीय तपशील दिले असल्यास बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याच्या माथी येते, मात्र कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे असते. म्हणून 'एवढंही कळलं नाही का?' हा घरातला प्रश्न निर्दयच नव्हे, तर महागातही पडणारा आहे.

फसवणूक झालीच, तर वयस्करांनी आणि त्यांच्या घरच्यांनी प्रथम फोनचे इंटरनेट बंद करून, शक्य तर दुसऱ्या फोनवरून, बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला कळवावे व व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवावी. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्यापूर्वीच ते गोठवता येण्याची शक्यता असते. त्यासाठी आधी कर्जत पोलीस ठाणे गाठावे लागत नाही.