घर बदलताना सामानाची पर्यावरणपूरक बांधाबांध



मे-जून म्हणजे आपल्याकडे बदल्यांचा हंगाम. शाळा सुरू व्हायच्या आत घर हलवायचे असते. मग घाईघाईत बबल रॅप, थर्माकोल, चिकटपट्टीची रिळे आणली जातात. नव्या घरी सामान लागले की या सगळ्याचा दाराबाहेर ढीग पडतो आणि बऱ्याचदा तो पेटवला जातो. मुले हे पाहत असतात. वर्गात आपण 'प्लॅस्टिक टाळा' शिकवतो. घर बदलणे हा त्याच धड्याचा प्रात्यक्षिकाचा तास आहे.

हा कचरा जातो कुठे?

थर्माकोलमध्ये बहुतांश हवाच असते. वजन नगण्य, जागा मात्र भरपूर, त्यामुळे भंगारवाला सहसा ते घेत नाही. जाळले तर काळा, विषारी धूर निघतो. उघड्यावर कचरा जाळायला घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसारही मनाई आहे.

आधी सामान कमी करा

जी वस्तू न्यायचीच नाही, तिला बांधणीही लागत नाही. लहान झालेले कपडे, गणवेश, मागच्या इयत्तेची पुस्तके चांगल्या स्थितीत असतानाच गरजूंना द्या. रद्दी इथेच विका. बिघडलेले चार्जर, जुने सेल वेगळे काढून ई-कचरा संकलनात द्या.

बांधणीचे साहित्य घरातच आहे

• गोधड्या, चादरी, जुन्या साड्या तशाही न्यायच्याच आहेत. त्यांतच काचेचे सामान गुंडाळा.
• ग्लासात पायमोजा कोंबा. ताटल्या आडव्या न रचता उभ्या ठेवा. धक्का बसला तरी कमी फुटतात.
• धान्याचे डबे, बादल्या, पिंप रिकामे नेऊ नका. त्यांत वाट्या-चमचे, खेळणी भरा.
• पुठ्ठ्याचे खोके किराणा दुकानात मागा. चिकटपट्टीऐवजी सुतळीने बांधा, म्हणजे खोके न फाटता सुटते.
• पावसाची भीती असेल तर प्रत्येक खोक्याला प्लॅस्टिक कशाला? टेम्पोवर एकच ताडपत्री पुरते.
• टीव्हीचे मूळ खोके थर्माकोलसह जपले असेल तर तेच वापरा. आहे ते पुन्हा वापरणे केव्हाही चांगले.

थोडे गणित

६० सेंमी बाजूच्या घनाकृती खोक्याचे पृष्ठफळ २१,६०० चौ. सेंमी. तेवढेच सामान ३० सेंमीच्या खोक्यांत भरायचे तर ८ खोकी लागतात आणि पुठ्ठा ४३,२०० चौ. सेंमी, म्हणजे दुप्पट! मग सगळे मोठ्याच खोक्यात भरायचे का? नाही. पुस्तकांच्या वजनाने त्याचा तळ फाटेल आणि उचलणाऱ्याची पाठही जाईल. जड वस्तू लहान खोक्यात, हलक्या वस्तू मोठ्या खोक्यात. हे 'का?' मुलांनाच शोधू द्या.

पोहोचल्यावर

खोके फाडू नका, घडी घालून कोरड्या जागी ठेवा. पुढच्या महिन्यात शेजारी कुणी घर बदलणार असेल, त्याला द्या.

उपक्रम (इयत्ता ५ वी ते ८ वी)

१. घरातल्या १० नाजूक वस्तूंची यादी करा. प्रत्येकीला गुंडाळायला घरातलीच कोणती वस्तू वापराल ते लिहा.
२. एक कप कापडात गुंडाळून खोक्यात ठेवा, खोके हलवा. आवाज आला का? रिकामी जागा कशाने भराल?
३. आजीला विचारा: प्लॅस्टिक नव्हते तेव्हा सामान कसे बांधत? पाच वाक्ये लिहा.

बदली आपल्या हातात नसते. मागे किती कचरा ठेवून निघायचे, ते मात्र असते.