रसूलनबीबी

वीर अब्दुल हमीद यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. १९६५ च्या युद्धात पंजाबातील असल उत्तर गावाजवळ त्यांनी जीपवरच्या तोफेने शत्रूचे पॅटन रणगाडे उडवले आणि १० सप्टेंबर रोजी ते शहीद झाले. (‘शहीद’ हा तुमच्या उर्दूतला शब्द मराठीतही तसाच वापरतात.) पण त्यांच्या मागे घरी कोण होते, हे तुम्ही कधी कोणाला विचारले आहे काय?

घरी होत्या पत्नी रसूलनबीबी, चार मुलगे आणि एक मुलगी. गाव धामूपूर, जिल्हा गाझीपूर, उत्तर प्रदेश. २६ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हातून पतीचे परमवीरचक्र रसूलनबीबींनीच स्वीकारले. समारंभ एका दिवसात संपतो. घर मात्र रोज चालवावे लागते. लढाई काही दिवसांची होती, त्यांचे वैधव्य जवळजवळ ५४ वर्षांचे. २ ऑगस्ट २०१९ रोजी त्यांचे निधन झाले.

मुले मोठी झाली, घरात नातवंडे आली. रसूलनबीबी आता आजी होत्या, पण पतीची आठवण गावापुरती राहावी हे त्यांना मान्य नव्हते. २०१७ साली, इतक्या उतारवयात, त्या नातवाला बरोबर घेऊन दिल्लीला गेल्या आणि सेनाप्रमुख जनरल बिपिन रावत यांना भेटल्या. आपल्या हयातीत सेनाप्रमुखांनी धामूपूरच्या स्मारकाला भेट द्यावी, ही त्यांची विनंती.

त्याच वर्षी १० सप्टेंबरला जनरल रावत धामूपूरला आले. स्वागताला रसूलनबीबी स्वतः हजर होत्या.