जपानची यादी आधी अर्धी कर

अगं, तुझी यादी वाचली. दहा दिवसांत टोकियो, क्योटो, ओसाका, हिरोशिमा, फुजी आणि वर डिस्नीलँड! खरं सांगू का, एवढं तर तिथला पोस्टमनही फिरत नसेल. टोकियोत चार रात्री, क्योटोत चार आणि शेवटी एक रात्र कोयासान डोंगरावर. बास. मुलांना तिथली संस्कृती दाखवायचीय म्हणतेस, पण सोळा वर्षांच्या पोराला एका दिवसात तिसरं देऊळ दाखवलंस की तो मोबाइलमध्ये तोंड खुपसणारच. एक दिवस तरी त्यांना तिथल्या रीतीने राहू दे.

कोयासान त्यासाठीच सांगतेय. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनवरून गाडी, शेवटचा चढ केबल कारने. बाराशे वर्षांपूर्वी कूकाई नावाच्या भिक्षूने तिथे मठ उभारायला सुरुवात केली, आणि आता बऱ्याच मठांत पाहुण्यांना राहता येतं. ताटामीच्या चटयांवर गाद्या, दिवेलागणीच्या आत जेवण, पहाटे प्रार्थना. काही मठांत तर सकाळी चक्क होम होतो, आपल्याकडे असतो तसाच, अग्नी, धूर आणि मंत्र. रात्री ओकुनोइनच्या स्मशानभूमीतून दिव्यांच्या वाटेने फिरायला ने पोरांना. उंच उंच देवदार आणि दोन लाखांवर थडगी! मग बघ, मोबाइल आपोआप खिशात जातो की नाही.

शाकाहाराची काळजी रास्त आहे तुझी. दिसायला नुसत्या भाज्यांचं असलेलं सूपसुद्धा बहुतेक वेळा सुक्या माशाच्या पाण्यात केलेलं असतं. म्हणून ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. मासा नको, माशाचं पाणीही नको, असं जपानीत लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकाच्या खिशात हवी. मठातलं जेवण मात्र डोळे मिटून खा. मासा नाही, अंडं नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. तुझ्या सासूबाईंनाही चाललं असतं! खाकरे, चिवडा, मेतकूट घेऊन जा, पण ताजा कढीपत्ता किंवा फळं बॅगेत टाकू नकोस, विमानतळावर काढून घेतात.

आता तू अर्धवट विचारून गप्प बसलीस तो प्रश्न. हो, गरम पाण्याच्या कुंडात अंगावर कपडे न ठेवताच उतरायचं असतं. बायका-पुरुष वेगळे. आधी स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ, मग कुंडात. या वयातली मुलं हे ऐकूनच पळतील, आणि त्यांना अजिबात आग्रह करू नकोस. काही र्‍योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी सरायांत, थोड्या वेळासाठी स्वतंत्र कुंड मिळतं, तिथे एकेकाने जावं. बुक करताना खोलीला बाथरूम आहे का, ते विचार. आणि लेकीच्या तारखा आधी बघून ठेव, पाळीत कुंडात उतरत नाहीत.

तिथे जोडे सारखे काढावे लागतात, म्हणून पटकन निघतील असे घे आणि मोजे नवे घे. माझा अंगठा क्योटोच्या एका देवळात मोज्याबाहेर डोकावत होता, पोरं अजून हसतात.

पैशांचं बोलू. एजंट रेल्वे पास गळ्यात मारायला बघेल. सात दिवसांचा साधा पास 2023च्या ऑक्टोबरात 29,650 येनांवरून 50,000 वर गेला. टोकियो-क्योटो जाऊन-येऊन तिकीट साधारण 28,000 येन पडतं. तुझ्या बेताला पास परवडत नाही, सुटी तिकिटंच काढ. बारा वर्षांपुढच्यांना पूर्ण तिकीट लागतं, म्हणजे तुमची चारही पूर्ण. मोठ्या बॅगा हॉटेलच्या काउंटरवरून कुरिअरने पुढच्या हॉटेलात पाठव, सहसा दुसऱ्या दिवशी पोचतात. हा खर्च मी कधीच वाचवणार नाही.

मेच्या सुट्टीत जाताय ना? मग पहिला आठवडा सोड, तेव्हा सगळा जपान सुट्टीवर असतो. नंतर जा. त्याच महिन्यात टोकियोच्या र्‍योगोकूला पंधरा दिवस सुमोच्या कुस्त्या असतात, त्याची तिकिटं लेकाला शोधू दे. लेकीला मियाझाकीचे सिनेमे आवडतात ना? त्याच सिनेमांच्या जिब्ली म्युझियमची तिकिटं दारात मिळत नाहीत. दर महिन्याच्या 10 तारखेला पुढच्या महिन्याची विक्री सुरू होते, तिथले सकाळचे दहा म्हणजे आपले साडेसहा. उठव तिला, बसव कॉम्प्युटरसमोर. रोजची गाडी कुठली, कुठे उतरायचं, हे काम पोरांकडेच सोपव. तिथे प्राथमिक शाळेतली पोरंसुद्धा एकेकटी ट्रेनने जातात, तेव्हा अर्धा दिवस दोघांना टोकियोतल्या अकिहाबाराच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मोकळं सोडायला घाबरू नकोस.

बाकी सगळं जमेल गं तुला, लग्नघर सांभाळलंयस तू. फक्त तिकिटं काढायच्या आधी मुलांचे पासपोर्ट उघडून बघ. पंधराच्या आत काढलेला पासपोर्ट जास्तीत जास्त पाचच वर्षं चालतो.