जुन्या जीपगाडीसाठी एंजिनाची निवड

मलकापूरकडून राजूर घाट चढून बुलढाण्यास येणाऱ्या भारवाहू जीपला अश्वशक्तीपेक्षा कमी वेगातील ओढ अधिक उपयोगी पडते. जुन्या महिंद्र जीपमध्ये हरिकेन हे पेट्रोल एंजिन असे. क्षमता 2199 घन सेंटिमीटर. त्याजागी प्यूजो बनावटीचे 2112 घन सेंटिमीटरचे डिझेल एंजिन बसविल्यास इंधनखर्च घटतो. तथापि डिझेल एंजिन वजनाने भारी. म्हणून पुढचे पाटे, क्लच व रेडिएटर आधी तपासून घ्यावेत. भंगारातले एंजिन स्वस्त मिळते खरे, परंतु त्याच्या मालकीची कागदपत्रे मागितल्यावाचून ते घेऊ नये. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता आवश्यक आहे. नोंदणीपुस्तकात नवा एंजिन क्रमांक व इंधनाचा प्रकार नोंदवून न घेतल्यास अपघातानंतर विम्याचा दावा अडू शकतो.