नवा कारागीर आणि जुना चाकू

आमच्या खिशात वडिलांच्या वेळचा एक घडीचा चाकू असतो, हे आमच्या हस्तव्यवसायाच्या तासाला बसणाऱ्या मुलांना ठाऊक आहे. पेन्सिलीला टोक काढावे, सुतळी कापावी, पेरूच्या फोडी कराव्या, अशी किरकोळ कामे त्याने निमूटपणे पुष्कळ वर्षे केली. पुढे त्याची कमान ढिली झाली आणि उघडलेले पाते आपोआप मान टाकू लागले. बाजारात धार लावणाऱ्या वृद्ध गृहस्थांना तो दाखविला. त्यांनी तो दोनदा उघडून मिटला, कानाशी नेला आणि म्हणाले, "धार हवी तर लावून देतो, मास्तर, पण कमान बसविणारा आता या गल्लीत कोणी उरला नाही." ही हकीकत वर्गात सांगितली तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, समजा आज कोणी असे चाकू नव्याने करायला बसला, तर त्याला शिकवणार कोण?"

प्रश्न वाटला तितका सोपा नव्हता. त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही फार दूरच्या एका गावी जाऊन पोहोचलो. अर्थात पुस्तकांच्या वाटेने.

प्रथम चाकूचे अंतरंग पाहू. घडीच्या चाकूत दोन पातळ पितळी पत्रे असतात. त्यांच्या मधोमध पाते आणि पाठीच्या बाजूस पोलादाची कमान. बाहेरून हाडाच्या, शिंगाच्या किंवा लाकडाच्या पट्ट्या, टोकांना जर्मन सिल्व्हरचे तुकडे, आणि हे सारे खिळ्यांनी एकत्र जखडलेले. कमान पात्याच्या मुळाशी सतत दाब देते. पाते पूर्ण उघडे किंवा पूर्ण मिटलेले असले म्हणजे मुळाची सपाट बाजू कमानीखाली येते व पाते स्वस्थ राहते. मधल्या प्रवासात मुळाचा कोपरा कमानीला उचलतो, म्हणून जोर लावावा लागतो. मूळ चौकोनी घडविले असेल तर अर्ध्या वाटेवर पाते क्षणभर विसावते. खटका नाही, कळ नाही. सगळा खेळ एका कमानीच्या दाबाचा. कमान कडक झाली तर नख तुटेल, मऊ झाली तर बोट कापेल. पाण्याने, म्हणजे तापवून तेलात बुडवून व पुन्हा बेताने तापवून, पोलादाला जो गुण येतो, त्यात थोडी चूक झाली तरी चाकू बिघडतो.

आपल्याकडे घडीचा चाकू म्हटला की रामपुरीचे नाव निघते. त्याला खटका असतो, आणि चित्रपटांनी त्याची जी अपकीर्ती केली ती सर्वश्रुत आहे. त्या रामपुरात २०२३ साली एका चौकात सुमारे वीस फूट उंचीचा चाकू उभारण्यात आला. कारागिरांची संख्या घटत असताना स्मारकाची उंची वाढावी, हे पाहून हसावे की खिन्न व्हावे हे आम्हांस कळेना. असो.

युरोपात या विद्येचे एक मोठे माहेरघर म्हणजे इंग्लंडमधील शेफील्ड. तेथील चाकू-कात्री करणाऱ्यांचा संघ १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाला. लहान लहान खोल्यांत एकेकटे बसून काम करणाऱ्या कारागिरांना तेथे 'लिट्ल मेस्टर' म्हणत. स्टॅन शॉ हे त्या परंपरेतील एक शेवटचे नामांकित कारागीर. १९२६ साली जन्मलेले हे गृहस्थ कोवळ्या वयात या कामाला लागले आणि २०२१ साली निवर्तले. शेफील्डचे पुष्कळ कारागीर एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गेले आणि तेथे ही कला रुजली. मार्क ट्वेनच्या टॉम सॉयरला पाठांतराचे बक्षीस म्हणून बार्लो जातीचा चाकू मिळतो, हे तुमच्यापैकी काहींनी वाचले असेल. त्या काळी अमेरिकन मुलाच्या खिशात चाकू असणे म्हणजे आपल्याकडे दप्तरात पाटी असण्यासारखेच होते.

पुढे काळ फिरला. स्वस्त माल परदेशांतून येऊ लागला, खिशात चाकू बाळगण्याची गरजच उरली नाही. १९०४ साली सुरू झालेला श्रेड हा न्यूयॉर्क राज्यातील मोठा कारखाना बरोबर शंभर वर्षांनी, २००४ साली, बंद पडला. अशा पडत्या काळात, २००६ साली, पेन्सिल्व्हानिया राज्यातील टायटसव्हिल या लहानशा गावी 'ग्रेट ईस्टर्न कटलरी' नावाचा नवा कारखाना निघाला. हे गाव भूगोलाच्या पुस्तकात तुम्हांस भेटले असेल. १८५९ साली ड्रेकने खनिज तेलाची प्रसिद्ध विहीर खणली ती येथेच. चाकूचा धंदाही तेथे जुना. क्वीन नावाचा कारखाना त्याच गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत होता. तो २०१८ साली बंद झाला.

नव्या कारखान्याने नव्या तऱ्हेचे चाकू काढले नाहीत. त्याने जुन्या तऱ्हा पुन्हा हाती घेतल्या, आणि 'नॉर्थफील्ड' व 'टिडिऊट' ही मावळलेल्या कारखान्यांची नावेही पुन्हा पात्यांवर उमटविली. त्यांपैकी नॉर्थफील्ड हा कनेक्टिकटमधील कारखाना १८५८ सालचा. आता अडचण ही की जुनी नावे घेतली तरी जुनी माणसे कोठून आणावयाची? नव्या कारागिरापैकी काहींनी हे काम दुसऱ्या कारखान्यात शिकलेले असेलही. परंतु शंभर वर्षांपूर्वीचा अमुक चाकू उघडताना हाताला कसा लागे, हे कागदावरच्या आकृतीत सापडत नाही.

ते ज्ञान शिल्लक होते ते शौकिनांपाशी. कोणी आजोबांचा चाकू जपलेला, कोणी जुन्या बाजारांतून शेकडो नमुने गोळा केलेले. हे लोक स्वतः एक खिळाही ठोकणार नाहीत, पण चाकू हाती आला की त्यांची परीक्षा सुरू होते. पाते उघडून ते उजेडासमोर धरतात आणि कमान व पत्रा यांच्यामधून प्रकाशाची रेघ दिसते का ते पाहतात. पाते डावी-उजवीकडे हलवून पाहतात. मिटलेले पाते दोन्ही पत्र्यांच्या बरोबर मध्ये बसले आहे की एका अंगाला कलले आहे, कमान पाठीशी समपातळीत आहे की बोटाला कड लागते, हे तपासतात. मग डोळे मिटून उघडझाप करतात. पाते सरकताना हाताला जो अनुभव येतो त्यास त्यांच्या भाषेत चाल म्हणतात, आणि जागेवर बसताना जो टक असा आवाज होतो त्यास बोल. आमच्या धार लावणाऱ्या वृद्धांनी चाकू कानाशी का नेला, ते हे वाचल्यावर आमच्या ध्यानात आले.

अशा परीक्षकांपुढे नवा कारागीर उभा राहतो तेव्हा त्याची स्थिती परीक्षेच्या खोलीतील विद्यार्थ्याहून वेगळी नसते. मात्र टायटसव्हिलच्या मंडळींनी परीक्षकांनाच घरी बोलाविले. कारखान्याच्या दारी शौकिनांचा मेळावा भरविण्याचा त्यांनी प्रघात पाडला. तेथे येणाऱ्यास यंत्रे पाहता येत आणि काम करणाऱ्याशी समोरासमोर बोलता येई. ज्याने कमान बसविली त्याला ती कोठे चुकली हे प्रत्यक्ष वापरणाऱ्याच्या तोंडून ऐकावयास मिळणे, हा लाभ आम्हांस फार मोठा वाटतो. ऐकणाऱ्याचे कान मात्र त्या वेळी तांबडे होत असतील!

या सहवासाच्या खुणा चाकूंवर दिसतात. गंज न चढणारे पोलाद सहज मिळत असताना या कारखान्याने मुख्यत्वे साधे कार्बनी पोलाद पत्करले. त्यात शेकडा सुमारे ०.९५ कार्बन असतो. ते धार चांगली घेते, पण ओले ठेवले की गंजते आणि लिंबू-सफरचंद कापून कापून त्यावर निळसर-करडी झाक चढते. जाणकाराला ती झाक हवीच असते. प्रत्येक तऱ्हेस क्रमांक आहे. पात्यावर ७३२२०८ असे अंक असतील तर ७३ हा सांगाड्याचा क्रमांक, चौथा अंक पात्यांची संख्या आणि अखेरचे ०८ हे साल. ७३ हीच या कारखान्याची पहिली तऱ्हा. साल कोरल्यामुळे कारागिराला आपली चूक लपविता येत नाही. कोणत्या वर्षी कमान कडक झाली होती हे शौकीन लोक तोंडपाठ सांगतात.

या प्रेमाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. माल लहान लहान तुकड्यांनी निघतो, त्यामुळे तो हाती पडण्यासाठी झुंबड उडते. काही जण तो घेऊन दुप्पट किमतीस विकतात, आणि कित्येक चाकू एकदाही फळाला न लागता मखमलीत निजून राहतात. ज्याने चाकूने कधी काही कापलेच नाही तो कारागिराला काय सांगणार? फार तर डाग पडला एवढेच. आम्हांस विचाराल तर कारखान्यास स्पर्धकांपेक्षा या मखमलीचे भय अधिक आहे.

हे सारे वाचताना आम्हांस आपल्याच मुलुखातील एका गावाची आठवण झाली. १७९४ साली मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी 'वूट्झ' नावाच्या हिंदी पोलादाचे नमुने लंडनला धाडले आणि तेथील शास्त्रज्ञ चकित झाले. या पोलादाचे एक नामांकित केंद्र आपल्या हैदराबादेच्या उत्तरेस, निजामाबादकडील कोनासमुद्रम येथे होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी व्हॉयसी नावाच्या इंग्रज संशोधकाने ते पाहिले, तेव्हा इराणातील इस्फहानचा एक व्यापारी तेथे मुक्काम करून होता. तो मुशींतून निघालेल्या पोलादाच्या वड्या स्वतः तोलून, पारखून घेत असे. इतक्या दूरचा पारखी भट्टीशी येऊन बसे, आणि भट्टीवाल्यास त्याची पसंती-नापसंती त्याच जागी कळे.

पुढे ते गिऱ्हाईक येईनासे झाले. त्यानंतर भट्ट्या विझल्या, आणि वड्या कशा पारखाव्या हे सांगणारेही उरले नाहीत. आज कोनासमुद्रमच्या शिवारात मुशींचे तुकडे आणि काळ्या मळीचे ढीग सापडतात. येत्या हिवाळ्यात दहावीच्या मुलांना घेऊन तेथे जाण्याचा आमचा विचार आहे. चाकू बरोबर घेऊच; कमान अजून ढिलीच आहे.